पुस्तकांची किंमत कशी करावी : देवघेवीच्या टेबलावरून काही सूचना

वाचकहो, तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे मी सत्तावीस वर्षे बसलो आहे. या काळात मी स्वतः किती पुस्तके वाचली हे कृपया विचारू नये, कारण हलवायाला कोणी रोज किती पेढे खाल्लेस असे विचारत नाही. परत आलेली पुस्तके मात्र मी बारकाईने पाहिली आहेत. पान फाटले आहे काय, कोपरा दुमडला आहे काय, कुठे शाई सांडली आहे काय, हे पाहणे आमच्या नोकरीचाच भाग असतो. आणि या तपासणीतून वाचकाला पुस्तकात नेमके काय मोलाचे वाटले ते त्याच्या तोंडच्या अभिप्रायापेक्षा पुष्कळ खात्रीने कळते. या अनुभवाच्या जोरावर, पुस्तकांची किंमत कशी करावी याविषयी काही सूचना नवख्या सभासदांसाठी लिहून ठेवीत आहे. जुन्या सभासदांना त्यांची गरज नाही. त्यांनीच त्या मला शिकवल्या आहेत.

मूळ तत्त्व असे की, पुस्तकाने घरी पाहुण्यासारखे यावे, दिवाणखान्यातच बसावे, स्वयंपाकघरात डोकावू नये, यजमानाला अडचणीचे प्रश्न विचारू नयेत आणि मुदत संपली की आले तसे परत जावे. शासनाचेही याला पाठबळ आहे असे म्हणण्यास हरकत नसावी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले. तो वर्ग ठरताना पुस्तके किती, सभासद किती आणि वृत्तपत्रे किती हे मोजले जाते, परंतु एखाद्या पुस्तकामुळे कोणाचे काही बिघडले किंवा सुधारले काय, असा रकाना मी अजून कोणत्याही नमुन्यात पाहिलेला नाही.

आरंभ कादंबरीपासून करू. कादंबरी हातात घेतल्यावर प्रथम तिचे वजन पाहावे, कारण जाड पुस्तक नेले म्हणजे वर्गणी वसूल झाल्यासारखी वाटते. त्यानंतर टेबलापाशी येऊन, "आप्पा, हाई खरी गोट शे का?" असे विचारावे. मी "नाही, कल्पित आहे" असे म्हटले, तर लोकांना फसवणूक टळल्याचे समाधान मिळते आणि पुस्तक पुन्हा कपाटात जाते. "लेखकाच्या आयुष्यात घडलेले आहे" असे म्हटले, तर ते लगेच घरी जाते, आणि परत येताना सभासद हळू आवाजात विचारतो की त्यातला तो सावकार म्हणजे आपल्या पेठेतले अमुक शेठ तर नव्हेत ना. कादंबरीचे मोल तिच्यातली माणसे ओळखू येण्यावर ठरवावे. आपण स्वतः तिच्यात ओळखू येऊ लागलो, तर मात्र लेखकाचा तोल गेला आहे असे समजून पुस्तक मुदतीआधी परत करावे.

दुसरी कसोटी बोधाची. भालचंद्र नेमाडे आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे, आणि १९६३ साली आलेली त्यांची 'कोसला' आपल्याच मातीतली, असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. तिचा नायक पुण्याला शिकायला जातो, वडिलांचे पैसे खर्चतो आणि परीक्षेत अपयश पदरी घेऊन गावी परततो. या सगळ्याचा बोध काय, असे एका पालकांनी मला विचारले, आणि मी उत्तर शोधीत असतानाच त्यांनी ते स्वतः दिले : "मुलांना पुण्यात रोख पैसे देऊ नयेत." इतके स्पष्ट समीक्षण मी अन्यत्र वाचलेले नाही. लेखकाला २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला, त्या आठवड्यात आमच्या दोन्ही प्रतींसाठी रांग लागली. त्या रांगेने परत केलेल्या प्रती मी जपून ठेवल्या आहेत. पहिली चाळीस पाने मऊ झाली आहेत, शेवटचे पान वारंवार उघडले गेले आहे, आणि मधला भाग छापखान्यातून आला तसाच ताठ आहे. पुरस्काराचा उपयोग हाच असतो की मधला भाग वाचण्याची जबाबदारी परीक्षकांनी आधीच उचललेली असते. धाकट्या बहिणीच्या मृत्यूच्या पानांवर तेवढे पाण्याचे दोन-तीन जुने डाग आहेत. पावसाळ्यात आमचे छत गळते, त्याचेच ते असावेत.

कादंबरी विकत घेण्याचा प्रसंग आला, तर ती साहित्य संमेलनात घ्यावी. १९५२ नंतर अमळनेरला पुन्हा अखिल भारतीय संमेलन भरले ते २०२४ च्या फेब्रुवारीत. एवढी मोठी उसंत मिळाल्यावर घाई करण्याचे कारण नव्हते, तरीही मी तेथे गेलो. ग्रंथदालनात पुस्तकाची पारख करणारे जे जाणकार मला भेटले, त्यांनी पुस्तक पालथे करून प्रथम किंमत वाचली आणि नंतर सवलतीचा आकडा विचारला. पुस्तक सुलटे करण्याची वेळ बहुतेकांवर आली नाही.

अर्थशास्त्राच्या पुस्तकाची पारख याहून सोपी आहे, कारण ते कोणी वाचत नाही. त्याचा अभ्यास करतात. आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुले सकाळी सातपासून बसतात, आणि त्यांनी मला दाखवून दिले आहे की चांगल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात परिच्छेद नसावेत, एकेका ओळीच्या नोंदी असाव्यात. ओळीखाली पिवळी रेघ मारावी. पुढच्या ओळीखालीही मारावी. असे पान पूर्ण पिवळे झाले म्हणजे एकही महत्त्वाची गोष्ट निसटली नाही याची खात्री होते, आणि हळदीच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यासारखे प्रसन्नही वाटते.

थोरांची नावे अवश्य माहीत असावीत, मात्र एका नावाला एकच वाक्य पुरे. अॅडम स्मिथने १७७६ च्या त्या प्रचंड ग्रंथात 'अदृश्य हात' हे शब्द अवघे एकदा वापरले आहेत. आमच्या अभ्यासिकेत ते चहाच्या सुट्टीपूर्वीच चार वेळा ऐकू येतात. दहा माणसांनी कामे वाटून घेतली तर दिवसाला ४८,००० टाचण्या होतात, हे त्याचे उदाहरण पहिल्याच प्रकरणात असल्यामुळे सर्वांना पाठ आहे. जन्मभर त्याच दोन-चार हालचाली करीत राहणाऱ्या माणसाची बुद्धी मंदावते, असेही त्यानेच त्याच ग्रंथात बजावले आहे, परंतु ते पाचव्या भागात येते, आणि आपली उजळणी तोपर्यंत पहिल्या प्रकरणावर पाचव्यांदा आलेली असते. आल्फ्रेड मार्शलने १८९० च्या ग्रंथात आकृत्या तळटीपांत ठेवल्या आणि गणित परिशिष्टात टाकले, कारण विवेचन सामान्य व्यवहारी माणसाला कळावे असा त्याचा आग्रह होता. आपण आकृती वर घेतली आणि विवेचन गाळले. आकृतीला स्वतंत्र गुण असतात.

या शास्त्रातले सर्वांत मौल्यवान वाक्य कोणते, असे मला विचाराल, तर मी 'इतर परिस्थिती स्थिर असताना' हे सांगेन. ते प्रत्येक सिद्धांताच्या दाराशी पायपुसण्यासारखे अंथरलेले असते. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागायतदाराने ते सोनेरी चौकटीत लावावे. त्याची बाग कापणीला येईपर्यंत साधारण वर्ष जाते. तेवढ्या काळात हिवाळ्यात थंडी कडाडते, मे महिन्यात उन्हाचा पारा पंचेचाळिशी गाठतो, मृगाच्या तोंडावर वादळ येऊन घडासकट झाडे आडवी करते, रमजानला मागणी चढते, आणि रोजचा भाव बऱ्हाणपूरला ठरतो, म्हणजे राज्याच्या हद्दीपलीकडे. इतके सगळे हलत असताना पुस्तकात मात्र ते स्थिर आहे, याचा केवढा आधार वाटतो! त्याच पुस्तकात पूर्ण स्पर्धेची लक्षणे येतात, आणि त्यांत 'वाहतूक खर्चाचा अभाव' हे एक लक्षण असते. आमच्याकडचा एक विद्यार्थी ते डोळे मिटून, मान डोलावीत पाठ करीत होता, आणि त्याच वेळी त्याच्या वडिलांचा फोन वाजत होता. सावद्याला दिल्लीची गाडी भरायची होती आणि भाड्यावरून गाडीवाल्याशी अडले होते. मुलाने फोन बंद केला. अभ्यासिकेत शांतता पाळावी, अशी पाटी मीच लावलेली आहे.

नाशवंत मालाचा विक्रेता भावासाठी थांबू शकत नाही, टिकाऊ मालाचा थांबू शकतो, आणि म्हणून अगदी थोड्या काळाच्या बाजारात दोघांचा पुरवठा निरनिराळा वागतो, हे मार्शलने मासळीच्या उदाहरणाने समजावले आहे. मासळीच्या जागी केळी ठेवली आणि टिकाऊ मालाच्या जागी कापूस ठेवला, की ते प्रकरण थेट खानदेशावरच लिहिल्यासारखे वाटू लागते. २०२२ साली कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल या आशेने लोकांनी कापूस घरात भरून ठेवला, माणसे ओट्यावर झोपू लागली, अंगाला खाज सुटली, आणि भाव काही आला नाही. गेल्या वर्षीच्या भावावर यंदाचे गणित बांधले की काय होते, याच्यावरही त्या पुस्तकांत चांगली दोन-तीन पाने असतात. हे प्रकरण ज्या घरांत उपयोगी पडले असते, त्याच घरांतली मुले आमच्याकडे येतात आणि ते प्रकरण ऑप्शनला टाकतात, कारण त्यावर प्रश्न क्वचित येतो. या मुलांना मी दोष देणार नाही. प्रश्न कोठून येतात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळते.

आता हस्तकौशल्याची पुस्तके. म्हणजे शिवणकाम, विणकाम, सुतारकाम आणि अर्थातच पाककृती. यांची किंमत कागदावरून करावी. कागद गुळगुळीत आणि छायाचित्रे रंगीत असावीत, आणि छायाचित्रातला पदार्थ असा असावा की तो करण्याची इच्छा होताच आपल्याकडे तसली प्लेट नाही हे ध्यानात येऊन माणूस शांत व्हावा. १९७० साली कमलाबाई ओगले यांनी वाटी आणि चमचा ही घरोघरची मापे पाककृतींना लावून दिली. त्यामुळे ज्यांना आई-सासूचा 'अंदाज' कळत नव्हता अशा असंख्य मुलींची सोय झाली खरी, पण 'जमले नाही' म्हणायची जागाही गेली. सुज्ञ वाचकाने म्हणूनच ग्रॅमच्या मापांचा आग्रह धरावा. वजनकाटा घरात नसतो, हे कारण कायमचे पुरते.

खापरावरच्या मांड्यांची कृती पुस्तकात पाहावी. कणीक सैल भिजवून, तार येईपर्यंत मळावी. पुरण भरून ती दोन्ही हातांवर झेलत वाढवत न्यावी, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद पसरावी, असे दीड ओळीत लिहिलेले असते. 'तार येईपर्यंत' म्हणजे किती मिनिटे, असा प्रश्न पुष्कळांनी मला विचारला आहे. मी आमच्या वाचनालयात झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारले. त्यांचे मांडे शेजारच्या तीन गावांत लग्नाला मागवतात. त्या म्हणाल्या, "पहिले पाच-पंचवीस फाटतील, मग हात सांगतो." हे कोणत्याही प्रकाशकाला छापता येणार नाही, कारण पाच-पंचवीस फाटण्याची तयारी दाखवणारा ग्राहक पुस्तकाच्या दुकानात जात नाही. भरिताचेही असेच आहे. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून बडगीत, म्हणजे लाकडी कुंडीत, ठेचावीत असे लिहिले, की नाशिकच्या तिसऱ्या मजल्यावरचे वाचक कळवळतात; गॅसवर भाजावीत असे लिहिले, की भरिताच्या वांग्यांच्या बामणोदचे हसतात. लेखकाने छायाचित्र मोठे छापावे.

सारांश काढण्याचा माझा हेतू नाही; एक इशारा मात्र द्यायचा आहे, कारण काही सभासद या सूचनांना उघड हरताळ फासतात. शिवणाच्या एका पुस्तकातून ब्लाउजच्या बाहीचा आराखडा कोणीतरी कात्रीने नेमका कापून नेला, आणि पुढे लग्नसराईत ती बाही मी अर्ध्या गावात पाहिली, परंतु गुन्हेगार सापडला नाही. दुसरा प्रसंग मागच्या श्रावणातला आहे. कानबाई या खानदेशी देवीच्या रोटांच्या सणाच्या आदल्या आठवड्यात एक बाई पाककृतीचे पुस्तक परत घेऊन आल्या. आठ वर्षांत ते पुस्तक एकोणतीस वेळा बाहेर गेले होते आणि प्रत्येक वेळी नवेकोरे परत आले होते. या वेळी त्याच्या ११४ व्या पानावर तुपाचा पारदर्शक गोल होता, कडेला हळदीचा अंगठा होता, मापाच्या ओळीवर पेन्सिलने काट मारून 'पाणी पाऊण वाटीच, नाहीतर चिकटते' असे लिहिले होते, आणि पुस्तक टेबलावर ठेवताच आपोआप त्याच पानावर उघडत होते.

मी नियमावली काढली, पुस्तक विद्रूप केल्याबद्दल वीस रुपयांची पावती फाडली, आणि दाखल क्रमांक बाद पुस्तकांच्या यादीत चढवला. बाईंनी पैसे मोजून दिले, पावतीची घडी करून पदराच्या टोकाला बांधली, आणि विचारले, "आप्पा, बाद झालं तर मग हे घरी नेऊ का?"