घर आहे की मोबाईलचं दुकान?

आज एका नातेवाइकाकडे वास्तू होती. नाव सांगत नाही, तो पोस्ट वाचेल आणि चिडेल. चिडू दे. कापसाच्या पैशावर आणि कर्जावर घर उभं केलं, त्याचं कौतुक आहेच. पण आत पाय ठेवला आणि वाटलं, यवतमाळच्या एखाद्या मोबाईलच्या दुकानात शिरले की काय! छताला पीओपी, त्याच्या खाचेत निळे-जांभळे दिवे, भिंतीवर धबधब्याचं स्टिकर आणि कोपऱ्यात प्लास्टिकचा बांबू. गडचिरोली ज्या विदर्भात आहे तिथं प्लास्टिकचा बांबू!

जुन्या घराचं दार विचारलं, तर म्हणे, "भंगारवाल्याले देऊन टाकलं ना." दोन फळ्यांचं सागवानी दार, वर चौकटीत कोरलेला गणपती. २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेलं ते आपल्या बल्लारपूरहून. तिकडे आपलं लाकूड वाजतगाजत जातं आणि आपल्या दाराला सनमायका.

आमचं घर पक्कं झालं तेव्हा आईनं मिस्त्रीजवळ एकच हट्ट धरला होता, समोरच्या खोलीच्या भिंतीत देवळी, म्हणजे कोनाडा, पाहिजे. तो हसला. "काकू, आता लाईट आली, देवळी कायले पायजे?" आई म्हणाली, "दिव्यासाठी नाही रे बाबू, माह्या सामानासाठी." आणि तिथंच उभी राहिली. शेवटी त्यानं विटा सोडल्या. कडा नीट येईनात म्हणून ओल्या सिमेंटवर तिनं स्वतः हात फिरवला, तिची बोटं आजही तिथं उमटलेली आहेत. सध्या त्या देवळीत आहे पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल (डावं शिंग तुटलेलं, एक चाक गायब), आईचा चष्मा, जिनिंगच्या पावत्या आणि अगरबत्तीचा पुडा. घरी कोणीही आलं की आधी तिकडेच बघतं. सोफ्याबद्दल आजवर कोणी विचारलं नाही.

आणि आज तिथं काय ऐकलं? आजीचा फोटो आतल्या खोलीत नेला, कारण इंटेरियरवाला म्हणाला, भिंतीला सूट होत नाही. अरे, ज्या बाईनं निंदण करून ते वावर राखलं, ती भिंतीला सूट होत नाही? मग भिंत बदला ना!

हो, कवेलूचं घर गळतं, माकडं कवेलू फोडतात, सारवून सारवून बायांच्या कंबरा जातात. मीही सारवलंय, मला नका शिकवू. तो बिचारा लहानपणी पावसात पातेली मांडत झोपलाय, त्याला चकचकीत छत हवंसं वाटणारच. त्याच्यावर माझा राग नाही, खरंच नाही.

पण सुंदर घराला पैसाच लागतो, हे कोणी सांगितलं? गांधीजी १९३६ साली आपल्या वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले (ते गजानन महाराजांचं नव्हे, आजचं सेवाग्राम), तेव्हा घराला ५०० रुपयांच्या वर खर्च नको ही त्यांची अट होती. तिथल्या बापू कुटीत त्यांच्या शिष्या मीराबेननं मातीच्या भिंतीवर मातीचीच ताडाची झाडं आणि चरखा उठवलाय. शाळेच्या सहलीत सगळ्यांनी पाहिलंय, आणि घरी येऊन धबधबा चिकटवलाय.

मी काही मातीचं घर बांधा म्हणत नाही. स्लॅब टाका, फरशी लावा, मे महिन्यात कूलरही लावा, त्याशिवाय आपल्याकडे जगता येत नाही. फक्त घरात कोण राहतं ते दिसू द्या. शेतकऱ्याच्या घरात एक तिफण, एक पाटी, आजोबांची कंदिलाची खुंटी दिसली तर लाज कसली? आईच्या त्या देवळीला खर्च किती आला होता? उलट विटा वाचल्या!

बरं, जेवण मात्र एक नंबर होतं, वांग्याची भाजी तर विचारूच नका.

आणि हो, कोणाला जुनं दार, चौकट, खांब काढायचा असेल तर आधी मला फोन करा. भंगारवाल्यापेक्षा चार पैसे जास्त देईन, आणि न्यायला ट्रॅक्टरही माझाच.