पाड्यावरची दिवाळी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नवरात्र संपलं की घरोघरी माळे आवरायला निघतात आणि त्याच आठवड्यात समाजाचं ऋणही आठवतं. हा योगायोग नाही. चेन न लागणारी जीन्स, कुठल्याशा मॅरेथॉनचे टी-शर्ट, लग्नात एकदाच घातलेला तो जडशीळ लेहंगा, सगळं गाठोड्यात कोंबा. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यावरची बाई लेहंगा घालून भात कापायला उतरेल का, असले प्रश्न डोक्यात आणू नका. माळा रिकामा झाला ना?

तारीख दिवाळीआधीच्या रविवारचीच धरा. भातकापणी ऐन भरात असते, एकेक दिवस मोलाचा असतो. अशा वेळी अख्खा पाडा शाळेच्या पटांगणात दोन तास बसवून ठेवणं यातच उपक्रमाचं यश आहे. तुमची गाडी घाटात चहाला थांबली म्हणून उशीर झाला, तर ते समजून घेतात. जाताना गाडीत ‘यांना कुठली हो दिवाळी!’ असं कोणीतरी म्हणायलाच हवं. वाघबारस, तारप्याचा नाच वगैरे त्यांच्या दिवाळीचं ड्रायव्हर सांगू लागला तर काच खाली करून डोंगराचा फोटो काढा.

फोटोचं तंत्र नीट समजून घ्या. एक पोर, एक वही आणि वहीला सात हात. पोराने कॅमेऱ्याकडे बघायचं, वहीकडे नाही. 1992 मध्ये वावर-वांगणी भागातल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी जव्हारचं नाव राज्यभर झालं. तेव्हापासून या भागाने इतके दौरे पाहिलेत, की गाडीचा आवाज आला की रांग आपोआप लागते. तुम्हाला फार कष्ट पडणार नाहीत. कंपनीतर्फे जात असाल तर सोन्याहून पिवळं. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले 2 टक्के असल्या कामांसाठी काढायला लावलेच आहेत. बॅनर तेवढा वाऱ्याने गुंडाळला जाणार नाही असा बांधा.

मार्च-एप्रिलमध्ये जाण्याचा अविचार मात्र करू नये. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या मोखाड्यात तेव्हा टँकर सुरू झालेले असतात, बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरत असतात, आणि त्या चौकटीत चकलीचा पुडा शोभत नाही. मोखाडा-शहापूरच्या सीमेवर मध्य वैतरणा धरण आहे, 2014 पासून त्याचं पाणी मुंबईला येतं. तुम्ही मात्र बाटलीबंद पाण्याचे खोके बरोबर न्या. तिथलं पाणी पिऊ नये म्हणतात. ते आपल्या नळातून आलं की चालतं.

दिवाळी सरली की पाड्यावर कुलपं. माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जगायला जातात, पोरांसकट. भट्टीवाल्याची उचल पावसाळ्यातच खाऊन झालेली असते, ती पुढचे सहा-सात महिने फेडायची. तुम्ही दिलेली वही कुठे असेल, याचा विचार करून झोप उडवू नका. पोचपावतीवर मुख्याध्यापकांची सही आहे.

एखादा म्हातारा रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीचं काढेल. गावात काम मिळालं असतं तर भट्टीवर कशाला गेलो असतो, असंही म्हणेल. महाराष्ट्राने 1977 सालीच रोजगार हमीचा कायदा केला, हे खरंच आहे. पण त्यासाठी तहसीलमध्ये खेटे घालावे लागतात, माहितीचे अर्ज टाकावे लागतात, साहेबांशी वाकडं येतं, आणि इतकं करून रील एकही होत नाही. शिवाय विषय राजकीय. आपला ग्रुप अराजकीय आहे, हे ॲडमिनने वर पिन करून ठेवलंय. तेव्हा त्याच्या हातात बेसनाचा लाडू द्या. मोठा द्या. तोंड भरलं की बोलणं आपोआप थांबतं.

निघताना कोणी म्हातारी नागली, म्हणजे आपली नाचणी, घेऊन येईल. फुकट घेऊ नका, आपण दान घ्यायला आलेलो नाही. विकत घ्या. ती सांगेल त्या भावाला आधी ‘बाप रे!’ म्हणा, मग आपल्याकडच्या मॉलमधल्या ऑफरची आठवण करून द्या. पाच किलोवर पन्नास रुपये सहज सुटतात, तेवढाच डिझेलला हातभार.