‘किलोमीटर कमी तेवढी गाडी चांगली’ म्हणणाऱ्या वाचकास

महोदय,

कुटुंबासाठी जुनी एसयूव्ही घेण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, ‘किलोमीटर कमी तेवढी गाडी चांगली, एवढे साधे गणित सोडून हे घरबसले लेखक लोकांना उगाच घाबरवतात.’ शिवाय टायमिंग बेल्टची (इंजिनाच्या झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या पट्ट्याची) चूक दाखवून, दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांबद्दल मी गप्प का, असेही आपण विचारले आहे.

चूक मान्य आहे. मारुती ब्रेझाच्या १.३ लिटर डिझेल इंजिनाला बेल्ट नसून चेन असते. बेल्ट रेनॉ डस्टरच्या १.५ लिटर डिझेलला असतो, आणि दोन्ही गाड्यांवर एकाच बैठकीत लिहिताना माझी गल्लत झाली. हीच दुरुस्ती ‘घरबसले’ हा शब्द न वापरताही सुचवता आली असती.

या घरबसल्याने २०१५ साली, आई-वडील आणि दोन मुले मावावीत म्हणून, पुण्यातल्या एका एजंटाकडून पाच वर्षे वापरलेली सात आसनी डिझेल गाडी घेतली होती आणि तीही आपल्याच गणिताने, कारण मीटरवर ४८,००० किलोमीटर दिसत होते. तिसऱ्याच महिन्यात खंबाटकी चढताना क्लच घसरू लागला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसते ओरडायचे, गाडी मात्र पुढे सरकायची नाही आणि मागून ट्रकवाल्यांचे हॉर्न. पुढे चासी नंबरवरून सर्व्हिसच्या नोंदी काढल्या, तेव्हा २०१३ मध्येच ती १,१२,००० किलोमीटर चाललेली निघाली. ब्रेकच्या पेडलचे रबर एका कडेने गुळगुळीत झालेले मी व्यवहाराच्या दिवशीच पाहिले होते, पण ती गाडी खूप चालल्याची खूण आहे हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

म्हणूनच लेखात मी मीटरच्या आधी टायर पाहायला सांगितले. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असते. ‘३२२१’ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. २०१८ ची गाडी जेमतेम २५,००० चालली आहे असे विकणारा सांगत असेल आणि चारही टायर २०२१ चे असतील, तर मूळ टायर एवढ्यात कसे झिजले असे विचारण्याला घाबरवणे म्हणत नाहीत. किलोमीटर खरोखरच कमी असले तरी एखादी बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या, कडक नियमांतली) डिझेल गाडी केवळ शाळा आणि बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या खेपा करीत राहिलेली असेल, तर धुरातली काजळी अडवणारा तिचा डीपीएफ तुंबलेला असू शकतो, कारण ती काजळी जळून जायला गाडी काही वेळ सलग, वेगात चालावी लागते.

दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या तिथे चालवू न देण्याच्या नियमामुळे दिल्लीच्या गाड्या स्वस्त मिळू लागल्या हे शेंबडे पोरही सांगेल. त्यावर लिहायला मी बांधील नाही.

जाता जाता आपण आपल्या २०१८ च्या, ‘फक्त ३१,००० चाललेल्या’ ब्रेझाचा अभिमानाने उल्लेख केला आहे. तिच्या पेडलचे रबर एकदा पाहून घ्यावे. बेल्ट आणि चेनची चूक मी लेखात दुरुस्त केली आहे.