हिस्सा नंबर १-२

"तुझो कॉम्प्युटर म्हणता मी नाय आसय," भाई म्हणाले. "मगे हंय कोण उभो आसा?"

सकाळचे सात वाजले होते. माझ्या तोंडात ब्रश होता, भाई खळ्यात उभे होते आणि त्यांच्या मागे रस्त्यावर चौसष्ट क्रेट हापूस भरलेला टेम्पो उभा होता. ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलं होतं. देवगडकडे याचा अर्थ 'डिझेलचे पैसे कोण देणार ते लवकर ठरवा' असा होतो.

भाई माझे चुलतचुलते. सर्व्हे नंबर १, हिस्सा २ ही त्यांची बाग. चाळीस वर्षं ते तिथल्या कलमांना फवारण्या करतायत, वानर हाकतायत आणि राखणदाराला न चुकता कोंबडा देतायत. आणि आंबा सोसायटीतल्या मुलीने १-२ हा नंबर टाकल्यावर स्क्रीन सांगत होता, अशी नोंद नाही.

या स्क्रीनचा जन्मदाता मीच. पुण्यातली नोकरी घरून करायला लागलो त्याच्याही आधी, २०१८ साली, सुट्टीत आलो असताना सोसायटीने 'गावचा पोरगो' या मानद पदावर माझी नेमणूक केली आणि बागायतदारांच्या हिशोबाचा प्रोग्राम लिहून घेतला. मानधन म्हणून दोन डझन डागी आंबे. त्याच वर्षी हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे सगळ्यांना एकदम शिस्त आली होती आणि प्रत्येक बागेला सातबाऱ्यावरून नंबर द्यायचं ठरलं. सातबाऱ्यावर मध्ये तिरकी रेघ असते. पण मला त्या नंबराच्या नावाने फाईल बनवायची होती आणि फाईलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून मी आडवी घातली. १/२ चं १-२ झालं. एवढ्याशा रेघेने पुढे काय काय घडवलं ते सांगायचंय.

सर्व्हर म्हणजे सोसायटीच्या गोदामातला एक जुना पीसी. त्याच्या एका बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांची थप्पी, दुसऱ्या बाजूला भाताचा पेंढा, वर प्लास्टिकचा कागद, कारण जुलैत छप्पर नेमकं तिथेच गळतं. त्यावर डेबियन ९ ही ऑपरेटिंग सिस्टीम होती, लिनक्सचाच एक प्रकार. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायचा वाढीव आधारसुद्धा ३० जून २०२२ ला संपला. मी 'बघू, बघू' करत एक पावसाळा काढला. पण उघड्या दाराने झोपायचं म्हणजे तरी किती दिवस? शेवटी शिमग्याची पालखी देवळात परत गेल्यावर मी डेबियन १० चढवायला घेतलं.

गोदामात रेंज नाही. रेंज वर सड्याच्या माळावर, पण सर्व्हर सड्यावर नेता येत नाही. मग आंबे काढायच्या घळीच्या काठीला मोबाईल बांधला, काठी कौलांतून वर काढली आणि हॉटस्पॉट चालू केला. दर वीस मिनिटांनी काठी खाली घ्यायची, फोन तापलाय का ते पोराच्या कपाळाला लावावा तसा हात लावून बघायचा, पुन्हा वर. रात्री दोनला सगळं उतरून झालं. मशीन बंद होऊन चालू झालं, प्रोग्राम उघडला, यादी दिसली. नोंदी ठेवणारा आणि शोधून देणारा डेटाबेस, पोस्टग्रेस, मात्र मी जुनाच राहू दिला. चालतंय त्याला कशाला हात लावा? हे वाक्य मी तेव्हा मोठ्याने म्हटलं होतं, गोदामातल्या मांजराने ऐकलंय.

आता शिमगा संपला तरी कवित्व उरतंच.

पहिले तीन दिवस कोणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी भाई नाहीसे झाले.

मी चूळ भरून, शर्ट घालून सोसायटीत गेलो. यादी उघडली. भाई यादीत होते! नाव, नंबर, बाग, मागच्या मोसमाची पट्टी, सगळं जागच्या जागी. मग शोधखिडकीत १-२ टाकलं. अशी नोंद नाही. पुन्हा यादी, आहेत. पुन्हा शोध, नाहीत. भाई माझ्या खांद्यावरून बघत होते. "आसय," ते म्हणायचे. मग, "नाय आसय." पाचव्या खेपेला त्यांना त्यात मजाच वाटू लागली.

कारण सापडायला अख्खी रात्र गेली, आणि ते सापडलं ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात.

प्रत्येक प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही. देवळात गावकीची भांडी असतात ना, मोठाले टोप, पळ्या, मोजायची मापं? घरात लग्न निघालं की माणूस तीच घेऊन येतो, नवी घडवत बसत नाही. लिनक्समध्ये या भांड्यांचं नाव जीलिबसी. तारीख काढा, मजकूर इकडचा तिकडे ठेवा, दोन शब्दांत पहिला कुठला ते सांगा, सगळ्याला तीच. तिची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, फेब्रुवारीत आणि ऑगस्टात, आणि प्रत्येकीबरोबर दुरुस्त्यांची, म्हणजे पॅचेसची, लांबलचक यादी. डेबियन ९ मध्ये होती २.२४. डेबियन १० मध्ये २.२८, म्हणजे १ ऑगस्ट २०१८ ची. तिच्या नोंदींत एके ठिकाणी होतं की अक्षरांच्या क्रमवारीचे नियम २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे केले आहेत आणि ही लक्षणीय सुधारणा आहे.

सुधारणा होतीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गावकीच्या भांड्यांत एक पायली होती, मापाला कमी भरायची. कोणीतरी सज्जन माणसाने ती ठोकून बरोबर केली. झालं, त्या वर्षी गावजेवणाचा भात दीडपट शिजला. चूक कोणाची? पायली आता बरोबर आहे!

डेटाबेसचं काय होतं ते आमच्याकडच्या माणसाला लगेच समजेल, कारण तो कौल लावतो. गुरव देवाला कळे लावतो, प्रश्न विचारतो. उजवा कळा पडला की होय, डावा पडला की नाही. सोसायटीच्या यादीत अडीच हजार नंबर. ते एकेक करून वाचायला डेटाबेसला कंटाळा. तो मधोमध उभा राहून विचारतो, १-२ हा ११ च्या आधी की नंतर? आधी म्हटलं तर डावीकडे वळायचं, नंतर म्हटलं तर उजवीकडे. मग उरलेल्याच्या मधोमध पुन्हा तोच प्रश्न. अकरा-बारा कौलांत माणूस सापडतो. आणि हा कौल डेटाबेस स्वतः देत नाही, तो जीलिबसीला विचारतो. ज्या फंक्शनला विचारतो त्याचं नाव स्ट्रकोल. देवाशपथ, मी ठेवलेलं नाही.

जुनी जीलिबसी मधल्या रेघेकडे पहिल्या फेरीत बघतच नसे. तिच्या लेखी १-२ म्हणजे १२. म्हणजे ११ च्या नंतर, उजवा कौल. भाईंना २०१८ साली तिने तसंच नेऊन बसवलं, सर्व्हे नंबर १२ च्या मांडीला मांडी लावून. नवी जीलिबसी रेघ मोजते, आणि रेघेला आकड्याच्या आधी धरते. तिच्या लेखी १-२ हा ११ च्या आधी. डावा कौल. डेटाबेस मुकाट्याने डावीकडे गेला, तिथे भाई नव्हते, परत येऊन म्हणाला नाहीत. भाई पलीकडे उजवीकडे बसून होते. अख्खी यादी वाचली की दिसायचे, कौल लावून शोधलं की नाही. देव खोटं बोलला नव्हता, फक्त प्रश्नाचा अर्थ आता वेगळा लावत होता.

हे मी भाईंना समजावलं. त्यांनी सुपारी कातरत शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना खटकलं ते भलतंच.

"म्हणजे आजपर्यंत माका १२ वाल्याच्या बाजूक बसवलेलंस?"

१२ वाल्याशी भाईंचा गडग्यावरून दावा चालू आहे. गडगा दीड फूट कोणी सरकवला यावर दोन्हीकडचे वकील म्हातारे झाले.

"आता नवीन क्रमात तुम्ही १-१ आणि १-३ च्या मधे येता," मी म्हटलं. "म्हणजे अण्णा आणि बाबा. सगळे भाऊ एकत्र."

भाईंनी अडकित्ता खाली ठेवला. अण्णांशी ते सहा वर्षं बोलत नाहीत आणि बाबांशी बोलायचं ते थेट कोर्टात.

"त्यापरास १२ वालो बरो," ते म्हणाले.

असो. हे दुखणं आमच्या एकट्याचं नाही, एवढाच मला धीर होता. जगभर हा डेटाबेस वापरणारे या २.२८ ने असेच पोळले, आणि त्यांच्यात ओळखायची खूणही ठरली: ११ आणि १-१ क्रमाने लावून बघा. ११ आधी आला तर भांडं जुनं, १-१ आधी आला तर नवं. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. खूण म्हणून सगळ्या जगाने निवडलेला नंबर आमच्या अण्णांचा!

असंच त्याच्याही आधी, २०१० मध्ये, जीलिबसीतलं मजकूर उचलून ठेवणारं एक फंक्शन जास्त वेगवान केलं होतं. टेम्पोतले क्रेट पुढून उतरवण्याऐवजी ते कधी कधी मागून उतरवायला लागलं. नियमाप्रमाणे ठीकच. उचलायची आणि ठेवायची जागा एकमेकांवर येत असेल तर दुसरं फंक्शन वापरा, असं पहिल्यापासून लिहिलेलं होतं. पण ब्राऊझरमध्ये व्हिडिओ दाखवणाऱ्या फ्लॅश प्लेअरने ते वाचलेलं नव्हतं, आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर त्याचा आवाज खरखरायला लागला. खुद्द लिनक्सचा जन्मदाता लिनस टोरवाल्ड्स वादात उतरला. नियम कोणी मोडला याच्याशी वापरणाऱ्याला कर्तव्य नसतं, अशी त्याची बाजू. हा माणूस आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत आरामात चालला असता.

उपाय मात्र एका ओळीचा. रीइंडेक्स म्हणायचं, म्हणजे सगळ्यांना उठवून नव्या कौलाप्रमाणे पुन्हा बसवायचं. म्हटलं. डेटाबेसने नकार दिला: १-२ हा नंबर दोनदा आहे.

मी सोसायटीतल्या मुलीकडे बघितलं. ती हुशार आहे, हीच अडचण. नंबर सापडत नाही म्हटल्यावर तिने खोळंबलेला टेम्पो बघितला आणि भाईंना 'नवीन सभासद' म्हणून घालून घेतलं. एक नंबर दोघांना देऊ नकोस, असं मी डेटाबेसला बजावून ठेवलं होतं. पण नंबर आधीच दिलाय का हे तपासायलाही तो तोच कौल लावतो. डावीकडे जाऊन बघितलं, कोणी नाही, बसा भाई. चार दिवसांत असे अकरा जण दुसऱ्यांदा जन्मले होते. पहिले तीन दिवस कोणी काही बोललं नव्हतं ते का, हे मला तेव्हा कळलं.

तर आता दोन भाई. जुन्या भाईंच्या नावावर औषधं आणि क्रेटपोटी घेतलेली अठ्ठेचाळीस हजारांची उचल. नव्या भाईंच्या नावावर चौसष्ट क्रेट आणि उचल शून्य.

"एकाला काढायला लागेल," मी म्हटलं.

"जुन्याक काढ," भाई क्षणाचाही विचार न करता म्हणाले. "म्हातारो झालो तो."

बातमी संध्याकाळपर्यंत वाडीवाडीत. दुसऱ्या दिवशी बाकीचे दहा जण हजर. ज्यांच्यावर उचल होती ते सगळे नव्या जन्माच्या बाजूचे. ज्यांचं मागच्या वर्षीचं येणं होतं ते म्हणत, जुनं ते सोनं. एकाने तर दोन्ही ठेवा म्हटलं, एक मुलाच्या नावे करतो, नाहीतरी वाटणी करायचीच आहे. सेक्रेटरींनी चहा मागवला, तो पिऊन झाल्यावर पुन्हा मागवला आणि दुपारी निकाल दिला की नव्याचे आंबे जुन्याच्या खात्यात, आणि नवा बाद. अकरा जणांचे हिशोब हाताने जुळवायला माझे दोन दिवस गेले. शनिवारी रात्री पुन्हा रीइंडेक्स म्हटलं. त्याला दोन सेकंद लागले. मी शोधखिडकीत १-२ टाकलं, भाई आले. अठ्ठेचाळीस हजारांसकट.

मे महिन्याच्या मध्यावर एका संध्याकाळी भाई घरी आले. हातात पिशवी, पिशवीत डझनभर आंबे, एकही डागी नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पडवीत बसले, पाणी घेतलं, यंदा पाऊस लवकर येणार म्हणाले, मुलांचा अभ्यास विचारला. मग इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात म्हणाले,

"काय रे, तो पॅच परत कधी घालतलस?"

"का?"

"नाय, सहजच." त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. "उचल फेडूची तारीख एकतीस मे आसा. त्येच्या आदी जमता काय बघ."