"ते लोकल लोकांचं असतं, मॅडम"

आज दुपारी मैत्रिणीबरोबर तिच्या टूरवाल्याकडे गेले होते. डिसेंबरात तिला सासू-सासऱ्यांना घेऊन थायलंडला जायचंय. त्याने कागदावर चियांग माईसाठी रोज दिवसभराची व्हॅन लावली होती. मी सहज म्हटलं, गावातल्या गावात फिरायला व्हॅन कशाला, लाल सॉंगथेव आहेत की. तर तो हसला. म्हणाला, "ते लोकल लोकांचं असतं, मॅडम. आपल्या लोकांना नाही चालत."

आपल्या लोकांना!

तिथे गप्प बसले, कारण काम मैत्रिणीचं होतं. इथे मात्र बोलणार.

ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते, सॉंगथेव म्हणजे आपलं वडाप. पिकअप गाडी, मागच्या हौद्यावर छप्पर, समोरासमोर दोन बाकडी. चियांग माईतल्या लाल असतात. रस्त्याकडेला उभं राहून हात करायचा, ड्रायव्हरला खिडकीतून ठिकाण सांगायचं. त्याच्या वाटेवर असेल तर मान डोलावतो, नसेल तर पुढे जातो. उतरायचं आलं की छताचं बटण दाबायचं आणि खाली येऊन पैसे द्यायचे. शहरात माणशी ३० बाटच्या आसपास, म्हणजे आपले ऐंशीएक रुपये. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला यात नवीन शिकायचं ते काय?

माझ्या आईने सत्तरी ओलांडलीय, गुडघे बोलतात. चियांग माईच्या वरोरोत नावाच्या बाजाराच्या कडेला फुलबाजार आहे, तिथे आम्ही अशी एक गाडी थांबवली. मागची पायरी चांगलीच उंच. आत फुलांच्या पाट्या घेऊन एक बाई बसली होती, आईच्याच वयाची. तिने पाटी पायाशी ओढली, हात पुढे केला आणि आईला वर घेतलं. मी मागून आधार द्यायला सरसावले होते, त्याची गरजच पडली नाही. आई तिच्याशेजारी टेकली, पाटीतल्या झेंडूकडे बघितलं आणि सरळ मराठीत विचारलं, "कसा दिला?" बाईने थाईत काहीतरी उत्तर दिलं. मग फ्रा सिंगचं देऊळ येईपर्यंत दोघी बोलत होत्या. काय बोलत होत्या देव जाणे, पण भाव पटला नाही हे आईच्या तोंडावर दिसत होतं.

आता सांगा, काळ्या काचांच्या व्हॅनमध्ये ही बाई कुठून येणार? तिथे पुढे गाईड, मागे आपलेच काका-काकू, दुपारी आपलंच पनीर. मग थायलंडला तरी कशाला जायचं?

२०२३च्या नोव्हेंबरात तिथल्या सरकारने भारतीयांना व्हिसा माफ केला, तेव्हापासून आपल्याकडे घरटी एक जण जाऊन आलाय. आणि आल्यावर सांगतात काय, तर "तिकडे पब्लिक ट्रान्सपोर्ट नाहीच हो, गाडी करावीच लागते." अहो, बँकॉकमध्ये १९९९ पासून स्कायट्रेन धावतेय! २००४ पासून भुयारी मेट्रो. आपल्या पुण्याच्या मेट्रोला २०२२ उजाडलं, आणि आपण त्यांना सांगणार! चाओ फ्राया नदीवर बोटी आहेत. नारिंगी झेंड्याच्या बोटीला साधारण १६ बाट, कुठूनही कुठेही. सेन सेप कालव्यातली बोट तर मला जास्त आवडते. पाण्याला वास येतो, मान्य. पण समोरून दुसरी बोट आली की कडेचे प्रवासी दोरी ओढून ताडपत्री वर घेतात, शिंतोडे उडू नयेत म्हणून. सगळ्या ऑफिसला निघालेल्या बायका, एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात ती दोरी. त्या ट्रॅफिकमध्ये तुमची व्हॅन सिग्नलला उभी असते तेव्हा या बायका ऑफिसात पोचलेल्या असतात.

रात्रीची रेल्वे आहे बँकॉक ते चियांग माई. संध्याकाळी बसा, माणूस येऊन अंथरूण घालून देतो, सकाळी डोंगर दिसायला लागतात. (लांबच्या बहुतेक गाड्या जानेवारी २०२३ पासून जुन्या हुआ लाम्फोंग स्टेशनहून नाही, बांग सूच्या नव्या स्टेशनवरून सुटतात. जुने ब्लॉग वाचून जाऊ नका.) रूळ मीटरगेज. आई डब्यात चढताना म्हणाली, "आमची मिरज-पुणे अशीच होती गं लहानपणी." रात्री तिला झोप लागली, मला नाही. असो.

बरं, फसवणारे असतात. बँकॉकमध्ये राजवाड्याबाहेर "आज बंद आहे" म्हणून सांगणारे आणि टुकटुकने दागिन्यांच्या दुकानात नेऊन बसवणारे भेटतात. मग ग्रॅब (तिकडचं ओला-उबर) मागवा, भाडं आधीच दिसतं. आणि फुकेत-पट्टायाला भाड्याची स्कूटर घेऊन, हेल्मेट हँडलला लटकवून रील काढणाऱ्या आपल्या पोरांबद्दल माझ्याकडून एक चांगला शब्द निघणार नाही. दुचाकीवर मरणाऱ्यांच्या बाबतीत तो देश जगात फार वर आहे, आणि दुचाकीचा परवाना नसेल तर विमावाला दमडी देत नाही. तिथे टूरवाल्याचं बरोबर आहे. तेवढंच.

राग गाडीचा नाहीच मला. सासऱ्यांचं बायपास झालंय, चढउतार झेपत नाही, करा ना व्हॅन. एक आठवड्याची रजा मिळवून आईबापांना पहिल्यांदा परदेश दाखवणाऱ्या पोरांना मी काय बोलणार? आयुष्यभर एसटीत उभं राहून गेलेल्या माणसाला म्हातारपणी एसीची सीट मिळाली तर मिळू दे. माझ्या बाबांना मिळाली नाही.

पण म्हणून "लोकल लोकांचं" असं नाक मुरडून म्हणायचं? त्या फुलवालीने आईला हात देताना ही कुठली, आपल्यातली की बाहेरची, असं बघितलं होतं का? आणि हा इथे चारचाकीतून फिरणारा माणूस, ज्याचे आजोबा टपावर बसून तालुक्याला गेले असतील, तो आम्हाला सांगणार आपल्या लोकांना काय चालतं!

मैत्रिणीशी फोन झाला आत्ता. दोन दिवसांची व्हॅन तिने कापली, एक दिवसाची दोई सुथेप डोंगराच्या घाटासाठी ठेवलीय, ते योग्यच. सासूबाईंना म्हणे फुलबाजार बघायचाय. रेल्वेचं तिकीट मी काढून देणार आहे, खालचे बर्थ रुंद असतात आणि लवकर संपतात. अजून कुणाला हवं असेल तर इनबॉक्समध्ये या. टूरवाल्यांनी कमेंटमध्ये येऊन पॅकेज टाकू नये, उडवून लावीन.