हिटलरच्या जर्मनीत म्हणे सगळे खूश होते!

सध्या फिरणारा मेसेज साधारण असा: हिटलरने बेकारी संपवली, कामगाराला मोटार दिली, ९९ टक्के मतं मिळवली आणि देश एकदिलाने युद्धाला निघाला.

बेकारी घ्या. जानेवारी १९३३ मध्ये ६० लाख बेकार होते, नंतर आकडा झपाट्याने उतरला, हे खरंच. पण उतरवला कसा? जून १९३३ पासून नवविवाहितांना १००० मार्कांपर्यंत कर्ज मिळू लागलं. अट अशी की बायकोने नोकरी सोडायची. ज्यू आणि विरोधकांना त्याआधीच, एप्रिलमध्ये, सरकारी नोकरीतून काढायला सुरुवात झाली होती. १९३५ मध्ये सक्तीची लष्करभरती आली, वर तरुणांना सहा महिने श्रमसेवा. खरा रोजगार निघाला तो शस्त्रास्त्रांतून, आणि तोही बराचसा उधारीवर. ‘मेफो’ नावाची १० लाख मार्क भांडवलाची पोकळ कंपनी काढून तिच्या नावावर तब्बल १२ अब्ज मार्कांच्या हुंड्या, म्हणजे पैसे नंतर देण्याची वचनपत्रं, फिरवल्या. रोजगाराचं श्रेय ज्यांना दिलं जातं, त्या महामार्गांवर ऐन भरात सव्वा लाखाच्या आसपास मजूर होते; ६० लाखांपुढे ते किती, बघा. शिवाय कोलोन-बॉन महामार्ग हिटलर येण्याआधी, १९३२ मध्येच खुला झाला होता.

मोटार ९९० मार्कांची. दर आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट घेऊन पुस्तिकेत चिकटवायचं, म्हणजे जवळपास चार वर्षं. तीन लाखांवर लोकांनी पैसे भरले. गाडी एकालाही मिळाली नाही. कारखाना लष्करी वाहनं बनवू लागला.

९९ टक्क्यांचं तर विचारूच नका. मार्च १९३६ च्या मतपत्रिकेवर एकच यादी आणि एकच वर्तुळ होतं. ‘नाही’ म्हणायला जागाच नव्हती.

नाराजी दिसेल कुठून? कामगार संघटना २ मे १९३३ ला मोडल्या होत्या. डिसेंबर १९३४ च्या कायद्याने सरकारविरुद्ध कुजबुजही गुन्हा ठरली. गेस्टापोची, म्हणजे गुप्त पोलिसांची, माणसं मोजकीच, पण चुगली करायला शेजारी होतेच. तरी १९३५-३६ मध्ये लोणी आणि चरबी मिळेनाशी झाली, तेव्हा कुरकुर इतकी वाढली की सरकारलाच धास्ती बसली.

हिटलर लोकप्रिय होता, पण रक्त न सांडता मिळालेल्या विजयांमुळे. २७ सप्टेंबर १९३८ ला, चेकोस्लोव्हाकियावरून युद्ध तोंडावर आलं असताना, बर्लिनमधून लष्करी ताफा नेला, तेव्हा रस्त्यावरचे लोक गप्प उभे राहिले. १० नोव्हेंबरला म्युनिकमध्ये हिटलरने संपादकांना बंद दाराआड सांगितलं: इतकी वर्षं शांततेची भाषा नाइलाजाने करावी लागली, आता लोकांनी आपणहून बळाच्या वापराची मागणी करावी, अशा रीतीने त्यांना तयार करा.