पाणी नवीकरणीय आहे, मग आमचा बोअर का आटला?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. आमच्या बावधनच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला. त्याचा गाभा असा: सूर्य, वारा, पाणी, लाकूड, वाळू ही नवीकरणीय संसाधनं, ती कधीच संपत नाहीत. कोळसा, पेट्रोल, धातू अनवीकरणीय, एकदा वापरले की गेले. पाऊस तर दरवर्षी पडतो. तेव्हा पावसाचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या पुनर्भरणाच्या खड्ड्यांवर पैसे घालवू नका. सोलर बसवा, फुकट विजेवर बोअर चालवा आणि आटला तर आणखी खोल मारा.

आमच्या सर्वसाधारण सभेत याच मेसेजच्या जोरावर पुनर्भरणाचा ठराव बाजूला पडला. म्हणून हे उत्तर.

"नवीकरणीय म्हणजे कधीच न संपणारं"

नवीकरणीय म्हणजे पुन्हा नवं होणारं. न संपणारं ते अक्षय. मेसेजने दोन्ही एकच धरलेत. द्रौपदीची थाळी आठवा, तीही सूर्यानेच दिलेली. द्रौपदीचं जेवण झालं की त्या दिवसापुरती ती रिकामी. दुर्वास ऋषी शिष्यांसह नेमके त्यानंतर आले, म्हणून तर सगळ्यांची धावपळ. उद्या थाळी भरणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती, पंचाईत आजची होती. पाणी, लाकूड आणि वाळू याच जातीची: भरतात किती वेगाने आणि आपण काढतो किती, यावर सगळं. सूर्य-वाऱ्याचं तसं नाही. गच्चीवर कितीही पॅनेल लावली तरी उद्याचं ऊन कमी होत नाही. पाचही गोष्टी एकाच माळेत ओवल्या, तिथेच गफलत झाली.

"पाऊस दरवर्षी पडतो"

पडतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. चांगल्या पावसाळ्यात धरणं भरतात, उन्हाळ्यापर्यंत उतरतात, पुन्हा भरतात. त्या पाण्याला खुशाल नवीकरणीय म्हणा.

बोअरचं पाणी मात्र वेगळ्या घरचं. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे थरावर थर. आमचा तिसरा बोअर मारताना मी सकाळपासून रिगजवळ उभी होते. आधी पिवळसर मुरूम उडाला, तिथवर केसिंगचा पाइप उतरवला. मग काळा पाषाण लागला आणि तासन्‌तास नुसती राखाडी भुकटी. मध्येच ती विटकरी झाली. "ताई, लाल माती लागली," रिगवाला म्हणाला. लाव्हाचा एक थर येऊन गेल्यावर दुसरा यायच्या आधीची ती पट्टी. पाणी लागलं 410 फुटांवर, एका फटीत. पुढे 560 फुटांपर्यंत गेलो, सगळं कोरडं.

अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही, ते फटींत आणि झिजलेल्या थरांत राहतं. वरच्या मुरमात एका पावसाळ्यात पाणी उतरतं; इतक्या खोल फटींपर्यंत पोचायला त्याला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात. आम्ही दोन वर्षांत ती फट उपसून मोकळे झालो. आणखी खोल मारा म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की खोल गेल्यावर पाऊस जवळ येत नाही, लांब जातो.

आता आपल्या वाट्याचा पाऊस मोजू. आमची गच्ची सुमारे 1,000 चौरस मीटर. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, म्हणजे गच्चीवर वर्षाकाठी 7 लाख लिटर. आम्ही 300 माणसं. शहरांसाठी माणशी रोज 135 लिटरचा निकष आहे, त्याप्रमाणे दिवसाला 40,500 लिटर. भागून बघा, सतरा दिवसांचं पाणी! थेंब न्‌ थेंब अडवला तरी. हा आकडा सभेत मांडला तेव्हा एक काका म्हणाले, "मग सतरा दिवसांसाठी खर्च कशाला?" काका, तेवढं पाणी म्हणजे 10,000 लिटरचे 70 टँकर. अर्धंच जिरलं तरी पस्तीस. शिवाय आपण वर्षभर उपसत राहणार आणि परत काहीच देणार नाही, हे कुठवर चालेल?

"धातू एकदा वापरले की गेले"

बोअर कोरडा पडला आणि आमची सबमर्सिबल, म्हणजे बोअरमधली मोटार, जळली. रिवायंडिंगवाल्याने आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढली, तराजूत टाकली आणि तिचे पैसे बिलातून वजा केले. ती तार वितळून पुन्हा तांबंच होणार. खाणीतलं तांबं मर्यादित आहे हे खरं, पण वापरलेलं तांबं नाहीसं होत नाही. कोळसा आणि पेट्रोल जळून जातात. संपणं इथे दोन प्रकारचं आहे आणि मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नाही.

"सोलरवर बोअर फुकट"

सोलरला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पॅनेल बनवायला लागलेली ऊर्जा ते साधारण एक ते तीन वर्षांत परत देतं आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं चालतं. त्यावर जिन्यातले दिवे लावा, लिफ्ट चालवा. पण बोअरला निदान विजेच्या बिलाचा लगाम होता, तोही सुटला तर मोटार दिवसभर चालेल. वीज रोज नवी येईल, पाणी येणार नाही.

वाळूबद्दल

नदी वाळू आणते, पण धरणाची भिंत ती अडवते, आणि खाली उरते ती भरायच्या आत उचलली जाते. म्हणून पुण्यात बांधकामांना आता क्रश सँड लागते, वाघोली-मोशीकडच्या खाणींत दगड फोडून केलेली. नवीकरणीय म्हणवली गेलेली वाळू पुरेना, म्हणून पुन्हा कधीच न उगवणारे डोंगर आपण फोडतोय.

पुढच्या सभेत मी ठराव पुन्हा आणतेय. गच्चीचं पाणी गाळून जुन्या दोन बोअरमध्ये सोडायचं, चालू बोअरला मीटर लावायचा, आणि मे व ऑक्टोबरमध्ये पातळी मोजून फळ्यावर लिहायची. पहिली नोंद मी घेतलीसुद्धा. पहिल्या बोअरमध्ये आता मोटार नाही, त्यामुळे वजन बांधलेली दोरी सरळ खाली गेली. 200 फुटांवर तळाला टेकली. वर ओढली तेव्हा शेवटची वीतभर दोरी ओली होती.